गाडी कंपनीच्या उंचीवर आहे का? स्पोर्ट्स कारची राइड हाइट घरी मोजायची कशी

सेकंडहँड स्पोर्ट्स कार विकणारा एक वाक्य हमखास म्हणतो, "कंपनी फिटेड आहे भाऊ, स्प्रिंगला कोणी हात नाही लावला". घेणारा खाली वाकतो, टायर आणि फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, मधात बोटं घालतो, तीन बोटं गेली तर स्टॉक, म्हणजे कंपनीची जशीच्या तशी, आणि दोनच गेली तर लोअर केलेली, झाला निकाल. आता बोटं कोणाची, टायर नवा का घासलेला, टाकी फुल का रिकामी, याचा काही पत्ता नाही. नागपुरात या गाड्या बहुतेक दिल्ली-मुंबईकडून दोन-तीन हात फिरून येतात, मधल्या मालकानं काय काय करून ठेवलं ते कागदावर कुठंच नसतं, म्हणून निदान उंची तरी नीट मोजून घ्यावी. सामान फार लागत नाही, पण शिस्त लागते.

आधी एक घोळ निस्तरू. ग्राउंड क्लिअरन्स आणि राइड हाइट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक एकाच्या जागी दुसरं बोलून राहिले. ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे गाडीखालचा सगळ्यात खालचा जो भाग असेल, प्लास्टिकचा डिफ्लेक्टर असो का सायलेन्सर, तिथून जमिनीपर्यंतचं अंतर. राइड हाइट म्हणजे सस्पेन्शनवर बॉडी किती उंचीवर बसली आहे ते, आणि ते मोजायला कंपनीनं ठरवून दिलेले पॉइंट असतात. ब्रोशरमधला क्लिअरन्सचा आकडा घेऊन स्प्रिंग बदलली का नाही ते कळणार नाही. खाली एखादं कव्हर तुटून पडलं असेल तर क्लिअरन्स वाढलेला दिसेल, सस्पेन्शन मात्र जिथल्या तिथं.

मजा अशी की प्रत्येक कंपनी मापते वेगळ्याच ठिकाणाहून. फोक्सवॅगन आणि ऑडीवाले चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या खालच्या कडेपर्यंत मोजतात, हे सगळ्यात सोपं. बीएमडब्ल्यू रिमच्या खालच्या कडेपासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजते, म्हणून त्यांच्या टेबलमध्ये १६, १७, १८ इंची रिमसाठी आकडे वेगवेगळे असतात. पोर्शे ९११ च्या ९९६ आणि ९९७ या पिढ्यांमध्ये फेंडरकडे बघतही नाही, थेट गाडीखाली जाते: पुढे टेन्शन स्ट्रट नावाचा सस्पेन्शनचा दांडा बॉडीला जिथं बसतो त्या बोल्टच्या खालच्या कडेपासून जमीन, आणि मागे रिअर अॅक्सलच्या साइड सेक्शनमधल्या लोकेटिंग होलपासून जमीन. त्याच्याही आधीच्या, टॉर्शन बारवाल्या (वेढ्यांच्या स्प्रिंगऐवजी पिळली जाणारी सळई) जुन्या एअरकूल्ड ९११ मध्ये पुढे चाकाचं केंद्र टॉर्शन बारच्या केंद्रापेक्षा १०८ मिमी वर पाहिजे, ५ मिमी इकडे-तिकडे चालतं, असा हिशोब होता. मर्सिडीज अंतर मोजतच नाही, चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या दांड्याचा, म्हणजे कंट्रोल आर्मचा, कोन मोजते आणि त्यासाठी वेगळं इन्स्ट्रुमेंट असतं. जीएमच्या, म्हणजे जनरल मोटर्सच्या, कॉर्व्हेटमध्ये पुढच्या मापाला झेड हाइट आणि मागच्याला डी हाइट म्हणतात, तिथंही कंट्रोल आर्मचा बोल्ट आणि बॉल जॉइंट यांच्यातला फरक धरतात. म्हणून कोणी नुसतं "माझी ६५० आहे, तुझी किती" असं विचारलं तर उत्तर देऊ नका. आधी विचारा, कुठून कुठपर्यंत?

आता मोजायची तयारी. हवा पहिले. सकाळी गाडी गार असताना, दाराच्या खांबावर का पेट्रोलच्या झाकणामागं जे स्टिकर असतं त्याच्याप्रमाणे चारही टायरमध्ये हवा. मे महिन्यात दुपारी ४५ डिग्रीत हवा चेक करून उपयोग नाही, साधारण ५-६ डिग्रीला एक पीएसआय असा प्रेशर वाढतो, वर डांबर तापलेलं, गाडी चालवून आणलेली. प्रेशरमुळे उंचीत फरक मोठा पडत नाही, दोन-तीन मिमीचाच खेळ आहे, पण आपण पाच-दहा मिमीसाठी भांडून राहिलो न.

मंग पेट्रोल. ९११ ची ६४ लिटरची टाकी पुढे असते, पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो धरलं तर फुल टाकी आणि रिकामी टाकी यात ४७ किलोच्या आसपास फरक झाला, आणि तो जवळपास सगळा पुढच्या दोन चाकांवर. समजा एका चाकापाशी स्प्रिंगची ताकद २५ न्यूटन प्रति मिमी आहे, तर प्रत्येक चाकावर २३० न्यूटन वाढले की पुढचा भाग ९ मिमी खाली बसला. बघा, एक माणूस रिझर्ववर मोजतो आणि दुसरा फुल टाकीवर, आणि दोघंही म्हणतात दुसऱ्याची गाडी लोअर केलेली आहे! टाकी फुल करून मोजा, बहुतेक कंपन्यांचं माप फुल टाकीवरच असतं.

लोडचंही तसंच. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच मॉडेलांत पुढच्या दोन सीटवर प्रत्येकी ६८ किलो, मागच्या सीटच्या मधात ६८ किलो आणि डिकीत २१ किलो ठेवून मोजायला सांगितलं आहे, तर बाकी बऱ्याच गाड्यांचं माप रिकाम्या गाडीवर असतं. तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये काय लिहिलं ते आधी बघा. वजनासाठी सिमेंटची ५० किलोची बोरी सीटवर टाकू नका, लेदर खराब होते, पाण्याच्या कॅन बऱ्या. पाणी भरलेली २० लिटरची कॅन म्हणजे २० किलो आणि वर कॅनचं थोडंसं, हिशोब सरळ. डिकीतला पसारा काढून टाका. स्टेपनी नसेल आणि कंपनीनं दिलेली होती तर ती आणून ठेवा.

टायरची झीज लिहून ठेवा. नवीन टायरला सात-आठ मिमी नक्षी असते आणि १.६ मिमीवर टायर संपला असं धरतात, म्हणजे जमिनीपासून मोजलं तर नुसत्या घासलेल्या टायरनं गाडी ६ मिमी खाली आली. स्प्रिंगचा काही संबंध नाही.

जमीन हा सगळ्यात मोठा विषय आहे, आणि लोक इथंच कंटाळा करतात. आपल्याकडच्या फ्लॅटच्या पार्किंगला नाहीतर बंगल्याच्या पोर्चला पाणी जायला ढाळ दिलेला असतो. आता ढाळ आहे म्हणून घाबरायचं कारण नाही, हे मी मुद्दाम सांगून राहिलो कारण बरेच जण लेव्हल जागा मिळेना म्हणून मोजणंच सोडून देतात. सगळीकडे सारखा ढाळ असेल, म्हणजे १०० ला १ असा, तर १४०० किलोच्या गाडीचं जेमतेम दोन-तीन किलो वजन पुढच्या चाकांकडून मागच्यांकडे सरकतं, मापात दिसणारही नाही. त्रास देते ती पिळलेली जमीन. तीन चाकं एका पातळीत आणि चौथं टाइलच्या खोलगट भागात असेल तर चारही कोपऱ्यांचं वजन बदलतं आणि चारही आकडे खोटे येतात.

पीळ शोधायला बांधकामावरच्या मिस्त्रीची पारदर्शक पाण्याची नळी आणा. लेझर लेव्हल असेल तर उत्तमच, पण नळी तितकीच खरी आहे आणि कोणत्याही साइटवर मिळते. चाकं जिथं टेकणार त्या चार जागांवर खडूनं खूण करा, नळीचं एक टोक एका खुणेवर धरून ठेवा, दुसरं बाकी तिन्हीकडे न्या, दर वेळी दोन्ही टोकांवर खुणेपासून पाण्याची उंची मोजून त्यांच्यातला फरक लिहा, पहिल्या खुणेसाठी शून्य. नळीत बुडबुडा राहिला तर सगळं चुकते, तेव्हा नळी आधी नीट भरून हलवून घ्या. मंग बेरीज करा: पुढचं डावं अधिक मागचं उजवं, आणि पुढचं उजवं अधिक मागचं डावं. दोन्ही बेरजा सारख्या आल्या तर ढाळ असला तरी पीळ नाही, मोजायला जागा बरोबर आहे. दोन-तीन मिमीच्या वर फरक आला तर ज्या कोपऱ्यात खड्डा आहे तिथं टाइलचा नाहीतर प्लायचा पातळ तुकडा ठेवा. तुकडा टायरच्या ठशापेक्षा मोठा पाहिजे, नाहीतर टायर त्याच्या कडेवर चढून बसतो.

हे सगळं नको असेल तर चांगल्या व्हील अलाइनमेंटवाल्याकडे जा, त्याचा फोर-पोस्ट रॅम्प, ज्याच्यावर गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहते, लेव्हल केलेला असतो आणि पुढच्या चाकांखाली फिरत्या प्लेट असतात. दुपारच्या वेळी गिऱ्हाईक कमी असते, तेव्हा अर्धा तास मागा, थोडे पैसे द्या. टू-पोस्ट लिफ्टचा इथं काही उपयोग नाही, त्यात चाकं लटकतात. आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली घुसून टेप लावायचा प्रकार तर करूच नका, एक तर ते माप निरर्थक आहे आणि दुसरं म्हणजे जॅक सरकला तर विषय संपला.

गाडी जागेवर आणली की स्टिअरिंग सरळ, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला, चाकाला विटेचा तुकडा लावलेला, पण घट्ट ठोकलेला नाही. हँडब्रेक ओढलेला असला की मागची चाकं मोकळी फिरत नाहीत आणि सस्पेन्शन अडकून राहते. एअर सस्पेन्शन नाहीतर फ्रंट लिफ्ट असलेली गाडी असेल तर नॉर्मल मोडवर आणा. नुसते अॅडॅप्टिव्ह डॅम्पर, म्हणजे कडकपणा बदलणारे शॉक अब्सॉर्बर असतील, मॅग्नेटिक वगैरे, तर मोडनं उंचीत फरक पडत नाही, ते फक्त कडकपणा बदलतात.

त्यानंतर गाडी बसू द्यायची. रिव्हर्स घेऊन उभी केलेली, जॅकवरून उतरवलेली गाडी खऱ्या उंचीवर नसते, टायर जमिनीला चिकटून बाजूला ताणलेले असतात आणि बुशमध्ये, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यातल्या रबरात, पीळ राहिलेला असतो. एक-दोन गाडीलांब मागे-पुढे ढकला, ब्रेक न दाबता थांबवा. घरी प्रत्येक टायरखाली प्लास्टिकच्या जाड पिशवीचे दोन तुकडे, मधात थोडं ग्रीस, असं ठेवलं तर टायर आपोआप सरकून मोकळे होतात, रॅम्पवरच्या प्लेटचं काम तेच.

यातही जीएमची पद्धत मला सगळ्यात आवडते. बंपर हातानं साधारण ३८ मिमी वर उचलायचा, सोडायचा, गाडी आपोआप खाली बसू द्यायची, असं तीनदा, आणि माप घ्यायचं. मंग तेवढंच खाली दाबायचं, सोडायचं, गाडी आपोआप वर येऊ द्यायची, पुन्हा तीनदा, पुन्हा माप. दोन्हीची सरासरी म्हणजे खरी उंची. समजा उचलून सोडल्यावर ३५४ आणि दाबून सोडल्यावर ३४८ आलं, तर धरा ३५१. मधातला ६ मिमी म्हणजे बुश आणि डॅम्परचं घर्षण. हे घर्षण विसरून एकदाच टेप लावणारा माणूस सकाळी एक आकडा सांगतो आणि संध्याकाळी दुसरा. दाबताना बॉनेटच्या मधात हात ठेवू नका, अशा बऱ्याच गाड्यांचे बॉनेट अॅल्युमिनियमचे असतात, खड्डा पडला तर पेंटरचं बिल राइड हाइटपेक्षा भारी पडेल. लॉक जिथं आहे त्या कडेला दाबा. उचलायला प्लास्टिकच्या बंपरपेक्षा दोन बाजूंनी दोघांनी फेंडरच्या कमानीला कापड लावून धरलेलं बरं.

आता खरं माप. पहिलं चाकाच्या मध्यापासून वर फेंडरच्या कडेपर्यंत. याची खासियत अशी की टायरची साइज, झीज, हवा, सगळं यातून गळून जातं, कारण माप चाकाच्या केंद्रापासून सुरू होतं, म्हणून एका मॉडेलच्या दोन गाड्या तोलायला हेच बरं. फेंडरवर केंद्राच्या बरोबर वर मास्किंग टेपचा तुकडा लावा आणि पेननं खूण करा, म्हणजे चारही वेळा एकाच जागी मोजलं जाईल. मोजायचा टेप सरळ उभा पाहिजे. फेंडर आणि व्हील कॅप एका रेषेत नसतात, कॅप आत असते, टेप तिरपा जातो, आणि ३५० मिमीच्या मापात ४० मिमी आत-बाहेर असेल तर २ मिमीपेक्षा जास्त चुकतं. सुताराचा गुण्या घ्या, त्याची एक बाजू फेंडरच्या खुणेला आडवी लावा, ओळंबा सोडा नाहीतर स्टीलची पट्टी उभी धरा.

बीएमडब्ल्यूचा आकडा केंद्राच्या मापात बदलायचा असेल तर एक सापळा आहे. १९ इंची रिम म्हणजे ४८२.६ मिमी, अर्धं केलं, वजा केलं, असं लोक करतात. पण १९ इंच हे टायर जिथं बसतो तिथलं माप आहे, बाहेरून दिसणारी रिमची कड त्याच्या वर असते, नेहमीच्या जे टाइप कडेची उंची साडेसतरा मिमी, दोन्ही बाजूची मिळून ३५. म्हणजे बाहेरून रिम ५१७ च्या जवळपास भरते. टेप लावून खरा व्यास मोजा आणि त्याचं अर्धं वजा करा.

दुसरं माप गाडीखालचं, सस्पेन्शनच्या बोल्टपासून जमिनीपर्यंत. हे करायचं कारण फेंडर खोटं बोलू शकतो. ठोकलेली गाडी, बदललेला फेंडर, बोल्टच्या भोकात इकडेतिकडे सरकवून बसवलेला, पाच मिमी कुठं गेले ते कळतही नाही. बोल्टखालची फरशी खालीवर असेल म्हणून तिथं थेट टेप टेकवू नका. प्लास्टर करताना मिस्त्री जी लांब अॅल्युमिनियमची पट्टी फिरवतात ती डाव्या-उजव्या टायरच्या पायाशी आडवी टाका, तिच्या वरच्या कडेपासून मोजा आणि पट्टीची जाडी मिळवा. जागा इतकी कमी असते की डोकं जात नाही, तेव्हा छोटी स्टीलची पट्टी उभी धरून मोबाईलनं फोटो काढा, फोन पट्टीच्या आकड्याच्या बरोबर समोर धरा, वरून किंवा खालून नको.

झालं, आठ आकडे आले. एका कागदावर गाडीचं चित्र काढून त्यात लिहा, सोबत टायर साइज, हवा, पेट्रोल, लोड, किलोमीटर. आता वाचायचं कसं ते एका उदाहरणानं बघू. समजा हब, म्हणजे चाकाचं केंद्र, ते फेंडर पुढे डावं ३५२, उजवं ३४९, मागे डावं ३५८, उजवं ३४४. मागे १४ मिमीचा फरक, काहीतरी बिघडलं आहे हे नक्की. आता खालचे बोल्टचे आकडे बघा. मागे डावं-उजवं तिथं १-२ मिमीत सारखं आलं तर सस्पेन्शन ठीक आहे, फेंडर नाहीतर क्वार्टर पॅनल कधीतरी ठोकलेलं आहे, ते वेगळं प्रकरण आणि विकणाऱ्याला विचारायचा प्रश्न. खालीही तेवढाच फरक आला तर मागची उजवी स्प्रिंग बघा. आणि लक्ष द्या, पुढचा डावा कोपरा थोडा वर आहे. एका पायानं आखूड असलेल्या खाटेसारखं आहे हे, एक कोपरा बसला की समोरचा तिरपा कोपरा उचलला जातो. म्हणून पुढचं डावं उंच दिसतं म्हणून तिथली स्प्रिंग खोलत बसू नका.

डाव्या-उजव्यात ५ मिमीपर्यंत फरक असेल तर मी तरी झोप खराब करत नाही. १० च्या वर गेला तर खोलून बघायचं. सगळी गाडी चारही बाजूंनी २०-३० मिमी खाली, पण एकसारखी, तर ती बहुतेक लोअरिंग स्प्रिंग आहे आणि बसवणाऱ्यानं काम नीट केलेलं आहे.

पण थांबा, खाली कशापेक्षा? कंपनीची उंची म्हणजे एक आकडा नसतो, आणि मला वाटते सगळे वाद इथूनच सुरू होतात. पोर्शे ७१८ घ्या. साधी सस्पेन्शन एक, पीएएसएमवाली (पोर्शेची अॅडॅप्टिव्ह डॅम्परची सिस्टिम) त्यापेक्षा १० मिमी खाली, पीएएसएम स्पोर्टवाली २० मिमी खाली, आणि जीटी४ तर ३० मिमी खाली. चारही कंपनीतूनच आल्या. म्हणून ७१८ ची उंची विचारायच्या आधी ऑप्शन कोड काढा, पोर्शेचं स्टिकर बहुधा पुढच्या बॉनेटखाली आणि सर्व्हिस बुकात असतं, जुन्या ९११ वर एम०३० लिहिलं असेल तर ती स्पोर्ट सस्पेन्शन. बीएमडब्ल्यूत ७०४ कोड म्हणजे एम स्पोर्ट सस्पेन्शन. चेसिस नंबर सांगितला की डीलरचा पार्ट्सवाला स्प्रिंगचा पार्ट नंबर देतो, आणि स्प्रिंगवर रंगाचे ठिपके नाहीतर स्टिकर असतं, ते जुळवा. हे जुळलं तर निम्मं काम झालं.

देशही बघा. अमेरिकेत बंपर आणि हेडलाइट किती उंच पाहिजे याचे नियम आले तेव्हा एमजी बी या ब्रिटिश रोडस्टरला १९७४ मध्ये सस्पेन्शन २५ मिमी उचलूनच विकायला लागलं, पुढचं डिझाइन बदलण्याऐवजी गाडीच उचलली. ९९३ पिढीची अमेरिकन ९११ युरोपियनपेक्षा उंच होती. आपल्याकडेही काही कंपन्या भारतासाठी उंच सस्पेन्शन बसवतात. म्हणून युरोपियन मालकाचा आकडा समोर ठेवून "माझी गाडी उंच आहे, कोणीतरी स्पेसर टाकले" असा शोध लावू नका.

रिम मोठे टाकले म्हणून गाडी उंच झाली, हेही नेहमी ऐकतो. कागदावर करून बघा. ७१८ च्या पुढच्या टायरची तीन मापं कंपनीनंच दिली: २३५/४५ आर १८, २३५/४० आर १९, २३५/३५ आर २०. व्यास निघतो ६६९, ६७१, ६७३ मिमी, दशांश सोडले. जमिनीपासून गाडी वाढली म्हणजे अर्धा फरक, २ मिमी. तेच ९९२ पिढीच्या ९११ कॅरेरावर पुढे २३५/४० आर १९ आणि कॅरेरा एसवर २४५/३५ आर २०, तिथं व्यासात ९ मिमीचा फरक आहे, म्हणजे उंचीत साडेचार. जमिनीपासून मोजणार असाल तर हा वजा करा, केंद्रापासून मोजणार असाल तर विसरून जा.

वेगवेगळ्या मॉडेलची तुलना करायची असेल तर हब ते फेंडर कामाचं नाही, कारण फेंडरची कमान डिझायनरच्या मनाची असते. तिथं बघायचं ते गाडी कुठं घासेल, आणि त्यासाठी पोटाखालचा क्लिअरन्स, व्हीलबेस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या केंद्रांतलं अंतर, आणि पुढचा ओठ म्हणजे बंपरची खालची कड, असे तीन आकडे पाहिजे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या आयआरसी ९९ प्रमाणे स्पीड ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोल पाठीचा असायला पाहिजे, आणि तो साधारण १७ मीटर त्रिज्येचा तुकडा होतो. २.४५ मीटर व्हीलबेसची गाडी त्यावर मधोमध आली की पोटाखाली ब्रेकर फक्त ४४ मिमी वर येतो, व्हीलबेस २.७ मीटर असला तर ५३. म्हणजे ११० मिमी क्लिअरन्सची गाडी आरामात निघून जाते, ताशी २५ च्या वेगानं. पण आपल्या कॉलनीत लोकांनी सिमेंटचे दोन घमेले ओतून जे हातभर रुंदीचे उंचवटे केले, ते पूर्ण उंचीनं पोटाखाली येतात, तिथं गणित चालत नाही, गाडी तिरपी घालायची आणि देवाचं नाव घ्यायचं. सिमेंट रोड वर आणि जुनी गल्ली खाली राहिली, मधात मुरूम टाकून सोडलं, अशा जागा तर शहरभर आहेत.

पुढच्या ओठासाठी दोन मापं घ्या, ओठाची जमिनीपासून उंची आणि टायर टेकतो तिथून ओठापर्यंतचं आडवं अंतर. १२० मिमी उंच आणि ७५० मिमी पुढे असेल तर भागाकार १६ टक्के. बेसमेंटचा रॅम्प आठला एक असेल, म्हणजे साडेबारा टक्के, तर वाचले, सहाला एक असेल तर घासणार, आणि ब्रेक मारत उतरले तर नाक आणखी दबते. ९११ चं फ्रंट लिफ्ट पुढचा भाग साधारण ४० मिमी उचलतं, ते असलेली गाडी मिळाली तर नागपुरात मी म्यूझिक सिस्टिमपेक्षा त्याचे पैसे आधी देईन. कंपन्यांनाही हे कळलेलं दिसते, ९११ डकार ही स्पोर्ट सस्पेन्शनच्या कॅरेरापेक्षा ५० मिमी उंच आहे आणि लिफ्टनं आणखी ३० मिमी जाते, लॅम्बोर्गिनीनं हुराकान स्टेराटो ही हुराकान इव्होपेक्षा ४४ मिमी उचलली.

माप चुकीचं आलं तर कारणं शोधायचा क्रम असा ठेवा. स्ट्रटवर, म्हणजे स्प्रिंगमधल्या शॉक अब्सॉर्बरच्या नळीवर, आटे दिसले तर कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमीजास्त करता येणारे, बसवलेले आहेत, मालक काही म्हणो. एकच कोपरा बसला असेल तर स्प्रिंगचं खालचं टोक बघा, पावसाळ्यातल्या खड्ड्यात शेवटचा वेढा तुटतो आणि तुकडा कपात पडून राहतो, चालवताना कळतही नाही. रबराचे पॅड झिजले का बघा. आणि उंची जास्त आली, स्प्रिंग बरोबर, तर शेवटचं काम काय झालं ते विचारा: कंट्रोल आर्म नाहीतर बुश बदलले आणि बोल्ट गाडी लिफ्टवर लटकलेली असतानाच आवळले तर रबर त्या कोनात अडकते, गाडी उंच उभी राहते आणि काही महिन्यांत बुश फाटते. उपाय फुकटचा आहे, चाकं रॅम्पवर टेकलेली ठेवून बोल्ट ढिले करा, गाडी बसू द्या, मॅन्युअलमधल्या टॉर्कनं पुन्हा आवळा. त्यानंतर अलाइनमेंट, उंची बदलली की कॅम्बर आणि टो हे चाकाचे कोन दोन्ही हलतात, म्हणून अलाइनमेंट आधी आणि उंची नंतर करणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

लोअर केलेली निघाली आणि तशीच ठेवायची असेल तर मोटार व्हेइकल्स अॅक्टचं कलम ५२ वाचून घ्या, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये केलेल्या बदलांवर तिथं बंधन आहे, आणि इन्शुरन्स क्लेमच्या वेळी सर्व्हेअर खाली वाकून बघतोच. स्टॉक स्प्रिंग परत टाकायच्या असतील तर विकणाऱ्याला आधीच विचारा जुन्या कुठं आहेत, बहुतेक वेळा त्याच्या गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेल्या असतात आणि सौद्यातच मागितल्या तर फुकट मिळतात. टाकल्यावर दोन-तीनशे किलोमीटर चालवा, समृद्धीवर एक चक्कर मारून आणा पाहिजे तर, आणि मंग तेच आठ आकडे त्याच जागेवर, तेवढ्याच पेट्रोलवर पुन्हा घ्या.